हेल्मेट आतून भरीव का होतं? मेशच्या चुका आणि स्लायसरचे घोळ

थ्रीडी प्रिंटरवर छापायला हेल्मेटची फाइल उतरवून घेतली, स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे छापायचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. मॉडेलमध्ये चुका आहेत अशी सूचना आली, आपण दुरुस्तीचं बटण दाबलं, सूचना गेली. स्लाइस केल्यावर पाहतो तर डोकं जिथे जायचं ती जागा भरून गेलेली, डोळ्यांच्या फटी बुजलेल्या, किंवा मानेखाली सपाट झाकण बसलेलं. कॉस्प्लेचं हेल्मेट असो की ऐतिहासिक नाटकासाठीचं शिरस्त्राण, ही तक्रार सारखी कानावर येते. दर वेळी उत्तरही तेच मिळतं: 'दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करून बघ.' आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त बंद घनाकृती कळते. कुठे पृष्ठभाग तुटलेला दिसला की तो शिवून टाकायचा, एवढंच त्याचं काम. हेल्मेट मात्र मुळातच पोकळ, पातळ आणि मुद्दाम उघड्या ठेवलेल्या जागांचं असतं. त्यातलं कोणतं भोक चूक आहे आणि कोणतं हवं आहे, हे बटणाला कळत नाही. ते आपण ठरवायचं, आणि बटण दाबायच्या आधी ठरवायचं.

मेशमधलं भोक आणि हेल्मेटचं तोंड

मॉडेलचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्याने बनतो, तेच मेश. ते ज्यात साठवतात ती एसटीएल फाइल म्हणजे नुसती त्रिकोणांची यादी. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे आणि बाहेरची बाजू कोणती हे सांगणारा बाण, म्हणजे नॉर्मल. हा साचा १९८७ सालचा, थ्रीडी सिस्टिम्स कंपनीने स्टिरिओलिथोग्राफीसाठी काढलेला. त्यात जाडी नाही, मोजमापाचं एकक नाही, कोणता त्रिकोण कोणाचा शेजारी ही नोंदही नाही. आत कुठे आणि बाहेर कुठे हे स्लायसरला त्रिकोणांवरूनच ताडावं लागतं. त्यासाठी एक अट आहे: त्रिकोणाची प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांत वाटलेली असावी. एकाच त्रिकोणाची असेल तर ती उघडी कड, तिघांची असेल तरी गोंधळ. स्लायसर 'नॉन-मॅनिफोल्ड' म्हणून ओरडतो तो यावरूनच.

आता वाटी डोळ्यांसमोर आणा. वाटीचं तोंड उघडं आहे, तरी तिच्या मेशमध्ये भोक नाही. बाहेरचा पृष्ठभाग काठावरून वळून आतल्या पृष्ठभागाला जाऊन मिळतो. तीन मिलिमीटर जाडीचं हेल्मेट अगदी असंच. मानेचं तोंड, डोळ्यांच्या फटी, सगळं उघडं असूनही मेश पूर्ण बंद.

पण फुकट मिळणारी बरीच मॉडेलं, विशेषतः व्हिडिओ गेममधून काढलेली, नुसत्या बाहेरच्या कातडीची असतात. पडद्यावर आतली बाजू कोणी बघत नाही, म्हणून जाडी दिलेलीच नसते. अशा मॉडेलची कातडी मानेपाशी येऊन संपते आणि तिथली प्रत्येक कड उघडी राहते. दुरुस्तीचं बटण तिथे झाकण ठोकतं. झाकण लागलं की आकृती बंद झाली, बंद झाली की स्लायसर ती आतून इन्फिलने, म्हणजे जाळीदार भरावाने भरणार. दोघांनी आपापलं काम चोख केलेलं असतं!

कोणत्या प्रकारचं मॉडेल हाती आहे, हे ओळखायची सगळ्यात सोपी कसोटी ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओव्हरलेच्या यादीतलं 'फेस ओरिएंटेशन' चालू करा. पृष्ठभागाची बाहेरची बाजू निळी दिसते, आतली लाल. हेल्मेट उलटं करून मानेतून आत डोकावा. आतही निळंच दिसलं तर मॉडेलला खरी जाडी आहे. आत सगळं लाल असेल तर नुसती कातडी आहे. बाहेरून पाहताना मधूनच लाल ठिगळं दिसली तर तिथले नॉर्मल उलटे आहेत. पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

ब्लेंडर उघडायचा कंटाळा असेल तर स्लायसरमध्येच कपाळाच्या उंचीवर आडवा काप घ्या आणि कापलेल्या भागाकडे वरून बघा. कडं दिसलं पाहिजे. पूर्ण थाळी दिसली तर मॉडेल आतून भरीव आहे.

नुसती कातडी असेल तर

दुरुस्ती करू नका, जाडी द्या. कोणी आधीच झाकण बसवून ठेवलं असेल तर मानेखालचा तो सपाट भाग निवडून काढून टाका. मग सगळे पृष्ठभाग निवडून 'मर्ज बाय डिस्टन्स' चालवा. एसटीएलमधून आलेल्या मेशमध्ये एकाच जागी अनेक बिंदू सांडलेले असतात, ते एकत्र होतात आणि अर्ध्या चुका तिथेच मिटतात. नंतर 'रिकॅल्क्युलेट आउटसाइड', म्हणजे सगळे बाण बाहेर वळतात. आता 'सॉलिडिफाय' मॉडिफायर लावा, जाडी तीन मिलिमीटर, 'इव्हन थिकनेस' चालू.

यात दोन गोष्टी फसवतात. ऑब्जेक्टचं माप आधी बदललेलं असेल आणि 'अप्लाय स्केल' केलेलं नसेल, तर तीन लिहिलेली जाडी तीन राहत नाही, स्केलच्या पटीत बदलते. आणि सॉलिडिफाय मूळ सेटिंगला जाडी आतल्या बाजूला वाढवतो. बाहेरचं नक्षीकाम जसंच्या तसं राहतं हा फायदा, पण डोक्याची जागा दोन्ही बाजूंनी तीन-तीन, म्हणजे सहा मिलिमीटर कमी होते. नॉर्मल उलटे असतील तर हाच मॉडिफायर बाहेर फुगतो. हेल्मेट अचानक गुबगुबीत दिसायला लागलं तर कारण हेच.

टोकदार खाचांपाशी, उदाहरणार्थ गालाच्या पट्ट्या जिथे दुमडतात तिथे, आतली भिंत स्वतःलाच छेदून जाते. थोडंफार असेल तर सोडून द्या, स्लायसर निभावून नेतो. फारच गुंता झाला तर 'रीमेश' मॉडिफायर वॉक्सेल पद्धतीत वापरा; तो बारीक घनठोकळ्यांच्या, म्हणजे वॉक्सेलच्या आधाराने मेश नव्याने बांधतो. वॉक्सेल भिंतीच्या जाडीपेक्षा बराच लहान हवा. तीन मिलिमीटरच्या भिंतीला अर्धा मिलिमीटर ठीक आहे; दोन ठेवलात तर भिंतीची चाळण होईल. अर्ध्या मिलिमीटरला पूर्ण हेल्मेटचे दहा लाखांच्या पुढे चौकोन होतात, म्हणून नंतर 'डेसिमेट' करून ते कमी करून घ्या. आणि ध्यानात ठेवा, रीमेश हा जाडी दिल्यानंतरचा उपाय आहे. नुसत्या कातडीवर लावला तर तो काय करेल याचा भरवसा नाही.

काही भाग प्रिव्ह्यूमधून (स्लायसर दाखवतो त्या थरांच्या चित्रातून) गायब होतो

मॉडेल पडद्यावर अखंड, स्लाइस केल्यावर काच नाही, कानावरची पाती नाही. हा भाग शून्य जाडीचा आहे. हेल्मेटच्या काचेच्या जागी नुसतं एक वाकवलेलं प्रतल ठेवायची सवय मॉडेल बनवणाऱ्यांना फार आहे. त्याला वेगळं काढून स्वतंत्र जाडी द्या. खरं तर काच छापूच नये. त्या जागी रंगीत पारदर्शक शीट कापून लावली तर दिसतंही आणि आतून बघताही येतं.

जाडी आहे पण नोझलच्या, म्हणजे प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाच्या रेषेपेक्षा कमी, असंही होतं. ०.४ च्या नोझलची रेषा साधारण ०.४५ मिलिमीटर रुंद पडते. जुन्या, ठरावीक रुंदीच्या पद्धतीत त्यापेक्षा पातळ भिंत सरळ वगळली जाते. प्रुसास्लायसर, ऑर्का, बांबू स्टुडिओ या स्लायसरांत 'अराक्ने' निवडलं की रेषेची रुंदी जागेनुसार बदलते आणि बारीक पाती टिकतात. क्युरा या स्लायसरमध्ये पाचव्या आवृत्तीपासून हेच तंत्र आहे, पण 'प्रिंट थिन वॉल्स' चालू आहे ना ते बघा. तरीही नाटकात कोणी ना कोणी शिरस्त्राण आपटणारच आहे. अर्ध्या मिलिमीटरची पाती छापून काय करणार? जाड करा.

भरीव होण्याचा दोष स्लायसरचा असेल तर

मेश निर्दोष आहे, आत-बाहेर निळंच निळं, तरी हेल्मेट भरीव. मग सेटिंग बघा. क्युरामध्ये 'मेश फिक्सेस' नावाचा गट आहे, तो सहसा लपलेला असतो. त्यातलं 'रिमूव्ह ऑल होल्स' हे हेल्मेटचं पक्कं वैरी. प्रत्येक थरातली फक्त सर्वांत बाहेरची रेषा ठेवायची आणि आतलं सगळं भरायचं, असं ते करतं. कुठल्या तरी दुसऱ्या मॉडेलसाठी कोणी सुचवलं म्हणून ते चालू केलेलं असतं आणि प्रोफाइलमध्ये तसंच राहून जातं. प्रुसास्लायसरमध्ये हेच काम 'स्लायसिंग मोड'मधला 'क्लोज होल्स' पर्याय करतो. तिथे 'रेग्युलर' असायला हवं.

हा दोष ओळखायची हमखास खूण आहे. प्रिव्ह्यूचा उभा स्लायडर खालून वर सरकवा. गळ्याचे थर भरीव, डोळ्यांची फट आली की एकदम पोकळ, फट संपली की पुन्हा भरीव. असं दिसलं तर मेशला हात लावू नका. डोळ्यांपाशी थराचा आकार तुटलेल्या बांगडीसारखा होतो, मधली जागा बाहेरच्या हवेला जोडली जाते आणि स्लायसरला ती भोक वाटत नाही, म्हणून तेवढीच वाचते. मेशची चूक असती तर ती फटीच्या बरोबर वर-खाली अशी कापल्यासारखी थांबली नसती.

त्याच गटातलं 'युनियन ओव्हरलॅपिंग व्हॉल्युम्स' मात्र मुळातच चालू असतं आणि हेल्मेटसाठी चालूच ठेवावं. 'एक्स्टेन्सिव्ह स्टिचिंग' बारीक फटी शिवतं. स्लाइस करायला वेळ लावतं, पण कधी कधी खरंच वाचवतं. प्रुसामधला 'ईव्हन-ऑड' पर्याय एकमेकांत शिरलेल्या भागांना उलट पोकळ करतो, हेल्मेटला त्याचा उपयोग नाही.

वजनाचा आकडाही बोलका असतो. साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचं, पंचवीस उंचीचं, तीन मिलिमीटर जाडीचं हेल्मेट पीएलए प्लास्टिकमध्ये सपोर्ट (छापताना दिलेला तात्पुरता आधार) सोडून पाचशे ते सहाशे ग्रॅमच्या आसपास बसतं. तेच पंधरा टक्के इन्फिलने भरलं तर एक किलोचं रीळ पुरत नाही. स्लायसरने दीड किलो सांगितलं की प्रिव्ह्यू न उघडताही काहीतरी गडबड आहे हे समजावं.

फक्त एक खात्री करून घ्या, आत दिसतंय ते इन्फिलच आहे ना? बऱ्याच वेळा तो सपोर्ट असतो. घुमटाच्या आतल्या छताला आधार म्हणून स्लायसर खालपासून वरपर्यंत खांब उभे करतो आणि नवख्याला वाटतं मॉडेल भरलं. प्रिव्ह्यूमध्ये सपोर्टचा रंग वेगळा असतो, तेवढा बघा. फांद्यांसारखा ट्री सपोर्ट निवडला की हा पसारा बराच आवरतो. आणि मागच्या वेळी फुलदाणी छापताना 'स्पायरल व्हाज' चालू ठेवला असेल, तर तळ भरलेला आणि एकेरी भिंतीचं हेल्मेट निघेल. तेही मेशच्या माथी मारू नका.

एकमेकांत शिरलेले भाग: कलगी, रिबिटं, जाळी

मराठा आणि मुघल काळातल्या शिरस्त्राणाचं मॉडेल याचं उत्तम उदाहरण. मधे घुमट, पुढे नाकावर येणारी सरकती पट्टी, दोन बाजूंना कलगीच्या नळ्या, खाली मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. मॉडेल करणारा हे सगळे भाग स्वतंत्र बनवतो आणि एकमेकांत खुपसून देतो. ब्लेंडरचं थ्रीडी प्रिंट टूलबॉक्स 'छेदणारे पृष्ठभाग' म्हणून भला मोठा आकडा दाखवतं. तो पाहून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बंद असेल आणि त्याचे नॉर्मल बाहेर असतील, तर स्लायसर ते जोडून घेतो.

बिघडतं ते एखादा भाग उघडा किंवा उलटा असला की. कलगीची नळी उलट्या नॉर्मलची असेल तर ती घुमटात जोडली जाण्याऐवजी घुमटातून वजा होते आणि तिथे भोक पडतं. म्हणून घुमट बाजूला ठेवून एकेक भाग वेगळा तपासा. सगळे शुद्ध झाले की बूलियन युनियन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच घन, 'एक्झॅक्ट' पद्धतीने. तो अडला तरच रीमेश.

नाकाची पट्टी मात्र युनियनमध्ये घेऊ नका. ती खोबणीतून वर-खाली सरकायला हवी, तर वेगळी छापा आणि सगळीकडून ०.३ मिलिमीटरची फट ठेवा. घुमटाशी जोडली गेली तर पट्टी कायमची एकाच जागी.

जाळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती फाइलमधून उडवा. हजारो कड्या, प्रत्येक कडीचं वेगळं कवच, बहुतेक एकमेकींना चिकटलेल्या. निम्मी फाइल तीच खाते आणि छापून निघतो तो एक कडक पत्रा. ब्लेंडरमध्ये 'सेपरेट बाय लूज पार्ट्स' करून कड्या निवडा आणि काढा. तारेच्या कड्या गुंफायला वेळ नसेल तर जाड लोकर किंवा सुतळी विणून चंदेरी रंग मारा. रंगमंचावर तिसऱ्या रांगेच्या मागे कोणालाही फरक कळत नाही. शिवाय नटाची मान हलते.

मेश दुरुस्तीसाठी मेशमिक्सर हे सॉफ्टवेअर अजूनही बरेच जण वापरतात, जरी ऑटोडेस्कने त्यावर काम करणं थांबवलं आहे. त्याच्या 'इन्स्पेक्टर'मध्ये 'ऑटो रिपेअर ऑल' हेल्मेटवर कधीच दाबू नका. सुटे छोटे भाग त्याला कचरा वाटतात, म्हणजे घुमटावरची रिबिटं गेली. आणि उघडी कड दिसेल तिथे झाकण. एकेका चुकीवर जाऊन क्लिक करा, मानेची कड सोडून द्या. विंडोजवर प्रुसास्लायसर जी दुरुस्ती देतो, तिच्यात निवडायची सोय नाही. खरी जाडी असलेल्या हेल्मेटमधल्या किरकोळ फटींसाठी ती उत्तम आहे, नुसत्या कातडीसाठी घातक.

माप आणि काप, याच क्रमाने

एसटीएलमध्ये एकक नसतं, म्हणून इंचात बनवलेलं हेल्मेट मिलिमीटरमध्ये उघडलं की २५.४ पट लहान, मीटरमध्ये बनवलेलं हजार पट लहान दिसतं. ठिपक्याएवढं मॉडेल दिसलं तर ते बिघडलेलं नाही, या दोनपैकी एका आकड्याने गुणून बघा. थ्रीएमएफ फाइलमध्ये एकक लिहिलेलं असतं, मिळत असेल तर तीच घ्या.

डोक्याचं माप घेताना स्लायसर दाखवतो त्या लांबी-रुंदीवर जाऊ नका. त्यात कलगी, शिंगं, अँटेना सगळं मोजलेलं असतं. मोजायची ती कपाळाच्या उंचीवरची आतली जागा. ५७ सेंटिमीटर घेराचं डोकं गोल धरलं तर १८ सेंटिमीटर व्यासाचं येतं, पण डोकं गोल नसतं. पुढून मागे ते जास्त लांब असतं आणि तिथेच अडतं. त्यावर फोमची जागा धरा. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट असेल तर मानेच्या तोंडातून डोकं आत जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे, तोही आधीच सोडवा. उत्तम उपाय म्हणजे कपाळाच्या पट्टीचा सेंटिमीटरभर उंचीचा काप वेगळा करून तेवढंच कडं छापायचं आणि नटाच्या डोक्यावर घालून बघायचं. काही तासांत निकाल लागतो.

माप ठरल्यावरच तुकडे करा. आधी तुकडे करून मग ८० टक्क्यांवर आणलं तर तीन मिलिमीटरची भिंत २.४ होते आणि जोडाच्या खुंट्यांसाठी ठेवलेली ०.२ ची फट ०.१६ वर येते. मग खुंट्या जात नाहीत, आणि दोष प्रिंटरवर जातो.

एंडर-थ्रीसारख्या प्रिंटरच्या २२० मिलिमीटरच्या बेडवर मोठं हेल्मेट अखंड बसत नाही, तिथे काप घ्यावाच लागतो. स्लायसरची स्वतःची खुंट्यांची सोय ठोकळ्यांसाठी चांगली, तीन मिलिमीटरच्या भिंतीत मात्र खुंटी इतकी बारीक होते की हातात घेताच मोडते. त्यापेक्षा काप येतो तिथे भिंत चार मिलिमीटर करा, समोरासमोर दोन मिलिमीटरची भोकं ठेवा आणि १.७५ च्या फिलामेंटचे (छपाईच्या प्लास्टिक तारेचे) तुकडे खिळ्यासारखे घाला. वर फेविक्विक, आतून सोल्डरिंग आयर्नने शिवण वितळवून घेतली की जोड हलत नाही.

काप घेतल्यावर एखाद्या तुकड्याची कापलेली बाजू उघडी राहिली, किंवा मानेएवढी आख्खी चकती तयार झाली, तर मूळ मेश अजून सदोष आहे. तुकडे एकेक दुरुस्त करत बसू नका. मागे जा, अखंड मॉडेल नीट करा, पुन्हा कापा.

फाइल जड, तरी घुमटावर पैलू

स्लायसर गोठतो तेव्हा फाइलचा आकार बघा. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे शंभर एमबीची फाइल वीस लाख त्रिकोणांची. डेसिमेट करून त्यातले तीन चतुर्थांश काढले तरी ०.२ च्या थरात फरक दिसत नाही, उलट प्रिंटर वळणांवर अडखळत असेल तर तेही थांबतं.

उलटही घडतं. बत्तीस भागांत विभागलेला घुमट पडद्यावर गुळगुळीत दिसतो, कारण ब्लेंडरचं 'शेड स्मूद' फक्त उजेड फसवतं. वीस सेंटिमीटर व्यासावर तोच जवळजवळ दोन सेंटिमीटर रुंदीचे पैलू घेऊन छापून येतो. स्लायसरची कोणतीही सेटिंग हे सुधारू शकत नाही. 'सबडिव्हिजन सरफेस' जाडी देण्याच्या आधी लावा, आणि काठांना व डोळ्यांच्या कोपऱ्यांना 'क्रीज' (कड टोकदार ठेवणारी खूण) द्या, नाहीतर तेही घुमटाबरोबर गोल होतील. आधीच छापून झालं असेल तर पैलूंच्या मधोमध भरायची फट अर्धा मिलिमीटरच असते. गाडीच्या दुरुस्तीत वापरतात ती पुट्टी, पॉलिश पेपर आणि प्रायमर यांत ती सहज भरून निघते.